सरपंचांना कुणी विचारलं नाही

सकाळचे साडेअकरा. स्थळ निपाणी, आमचं स्वयंपाकघर. साल चौऱ्यांशी, दिवस दसऱ्याच्या अलीकडचे. मी, बेळगावच्या एका दैनिकाचा निपाणीचा वार्ताहर, केस पिकलेला, बी.ए. झालेला, फरशीवर पालथा पडलोय, हातात बॅटरी, आणि मांडणीखाली अंग चोरून बसलेल्या ठकीच्या मागं लेंडी शोधतोय.

ठकी म्हणजे आमची सशाची मादी. हसा! हसा तुम्ही, तुमचं काय जातंय?

तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं भर बैठकीत उभं राहून कलेक्टरला विचारलं, की साहेब, लाठीमाराचा हुकूम दिला कुणी? ज्यानं मंत्र्याच्या गाडीची काच खाली करायला लावून विचारलं, की डांबर कागदावर पडलं, रस्त्यावर का नाही पडलं?... तो माणूस सकाळपासून एका जनावराला विनवतोय, बाई गं, एक तरी टाक! कारण डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. सशाचं पोट थांबलं की ससा संपला. ऑपरेशन कितीही चांगलं होऊ दे, खाल्लं नाही आणि लेंडी पडली नाही तर हातचं जनावर जातं. आणि ठकीनं कालपासून तोंडात काडी घेतलेली नव्हती. म्हणून मी विचारत होतो. विचारणं हा माझा धंदा आहे. उत्तर मिळत नाही ते सोडा, पण मी विचारलं नाही असं कधी होत नाही!

आता तुम्ही म्हणणार, वार्ताहराच्या घरात ससे कशाला? मीच आणले, अहो! बेळगावात शेतकी प्रदर्शन होतं, बातमीला गेलतो, तिथल्या माणसानं जोडी गळ्यात मारली. बायको म्हणाली, "असू देत, घर लई गप्प असतंय." मुली दोन्ही सासरी गेलेल्या. मादीचं नाव तिनं ठेवलं ठकी. नर पहिल्याच दिवशी छाती काढून उंबऱ्यावर बसला, येणाऱ्याजाणाऱ्याकडं असा बघायला लागला, जणू सगळ्यांचे अर्ज याच्याकडंच यायचेत. म्हणून तो सरपंच.

आणि मग सुरू झालं! महिना उलटला की पिल्लं. ती डोळे उघडतायत तोवर पुढची. पाटीत पिल्लं, पोत्याखाली पिल्लं, माझ्या कातरणांच्या खोक्यात पिल्लं! वाटायची तरी कुणाला? शेजारचा आण्णाप्पा, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे, तो दोन घेऊन गेला. म्हणाला, "पोरांना खेळायला व्हतील." संध्याकाळी त्याच्या घरातनं खोबऱ्याच्या मसाल्याचा असा घमघमाट सुटला... मी कुंपणाशी गेलो. मी विचारलं. "आण्णाप्पा, पिल्लं कुठायत?"

"खेळून झाली की, सायेब!"

यशोदा, म्हणजे माझी बायको, त्या दिवशी जेवली नाही. पण ऑपरेशनचं खरं कारण ते नव्हतं. ठकीची रया गेली होती. पाठीचं हाड हाताला लागायचं, पोटाचे केस उपटून उपटून तिनं पिल्लांना अंथरलेले, आणि शेवटच्या खेपेला तर ती तिथंच मान टाकून पडली. यशोदेनं तिला पदरात घेतली आणि मला म्हणाली, "आणि एकदा व्याली तर ही जगायची न्हाय. हिचं ऑपरेशन करून आणूया."

"सशाचं ऑपरेशन?"

"बाईचं व्हतंय, सशाचं का न्हाय व्हनार?"

तो विषय वेगळा. तो आपण नंतर घेऊ.

बेळगावात खासबागेत डॉक्टर हुक्केरी म्हणून एक आहेत, जनावरांचे. आम्ही ठकीला बुट्टीत, म्हणजे टोपलीत, घालून नेली. आता घोटाळा असा, की डॉक्टर बोलणार कन्नड. मला कन्नड येतं, फर्मास येतं, पण सीमाभागात उभं आयुष्य भांडलेला माणूस मी, डॉक्टरापुढं नि साहेबापुढं मराठीच बोलणार हे माझं ठरलेलं. यशोदेचं माहेर चिकोडीकडचं, तिला असली काही शपथ नाही, ती घडाघडा कन्नड सुरू झाली. मी मधे मधे मराठीतनं उलटतपासणी घेत होतो. भूल कसली देणार? टाका कशाचा घालणार? याआधी किती ससे कापलेत? डॉक्टर बिचारे घाम पुसत मराठीत आले. "म्हशीची लई केलंय. कुत्र्याची केलंय. सशाचं कॉलेजात केलतं. होतंय की हो!"

"आणि दगावली तर जबाबदार कोण?"

"अवो, गप बसा की जरा," यशोदा म्हणाली.

नाही बसलो. सगळं विचारलं. सुई उकळली का इथपर्यंत विचारलं! विचारणं हा माझा धंदा.

ऑपरेशन झालं. झकास झालं. पोटावरचे केस भादरलेले, मधे टाक्यांची रेघ, आणि आमची ठकी ओल्या फडक्यासारखी बुट्टीत. घरी आणली, आणि तिथनं हे मांडणीखालचं प्रकरण. खाईना, पिईना, हलेना. यशोदेनं कोथिंबीर नि मुळ्याचा पाला पाट्यावर गंधासारखा वाटला, पातळ केला आणि औषधाच्या ड्रॉपरनं गालाच्या कडेनं थेंब थेंब सोडायला लागली. मऊ जुनेर अंथरलेलं. टाक्यांना जीभ लावू नये म्हणून एक हात कायम ठकीच्या हनुवटीखाली. मधेच बारीक आवाज यायचा, करकर करकर...

"हे कसलं गं?"

"दात खातीया. दुखतंय तिला."

"तुला काय ठाऊक?"

"मी बी अशीच दात खाऊन पडलते की. शाळेच्या पटांगणात, सतरंजीवर."

मी म्हटलं ना तुम्हाला, तो विषय वेगळा.

तर लेंडी! आमची गल्ली म्हणजे काय विचारता! भाकरी थापता थापता समोरची नागुबाई खिडकीतनं, "काय वैनी, झाली का?" वखारीत जाता जाता आण्णाप्पा, "सायेब, हाय का काय बातमी?" हा आण्णाप्पा! दोघांना मसाल्यात घालून तिसरीची चौकशी करतोय! मी म्हटलं, तू पुढं हो. आणि दुपार कलली तेव्हा यशोदा एकदम ओरडली, "अवो! या हिकडं!"

धावलो. जुनेरावर एक लेंडी. वाटाण्याएवढीसुद्धा नाही, मिऱ्यापेक्षा जराशी मोठी, काळी, कोरडी. तुम्हाला सांगतो, मी विधानसभेचे निकाल बघितलेत, मोर्चे बघितलेत, पण त्या एका लेंडीपुढं मी जसा बसलो तसा कशापुढं बसलो नाही. यशोदा पदर तोंडाला लावून रडत होती. मागनं नागुबाई वाकून म्हणाली, "बरी हाय की!" आणि ठकीनं मान वर केली, कोथिंबिरीची काडी ओढली आणि खायला लागली... कुरकुर, कुरकुर...

संपलं? छे! आता सरपंच.

ठकी जरा हिंडायला लागल्यावर आम्ही त्याला आत सोडला. वाटलं, बायको जिवावरच्या दुखण्यातनं उठलीय, जरा हुंगेल, चाटेल. हुंगलं की! तिच्या अंगाला फिनेलचा, स्पिरिटचा, खासबागेचा वास. सरपंचांनी नाक उडवलं, मागचा पाय धाडकन आपटला आणि घेतली झेप! केसांचे पुंजके उडाले. स्वयंपाकघरात गरगर, पुढं ठकी, मागं सरपंच, त्याच्यामागं यशोदा, तिच्यामागं मी, आणि टाके उसवले तर सगळंच मुसळ केरात! शेवटी मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा मधे टाकला, तेव्हा थांबले.

मी सरपंचाला कान धरून विचारलं, "अरे, ओळखत नाहीस? तुझ्याच पिल्लांपायी पोट फाडून घेऊन आली ना ती?"

"त्याला कशाला बोलताय," यशोदा म्हणाली. "दवाखान्यातनं आलेली बाई घरच्यांना परकीच वाटती. म्हायतंय मला."

मग काय, दुधाच्या कपाटाचा जाळीचा दरवाजा मी स्वतःच्या हातानं काढला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभा केला. अलीकडं ठकी, पलीकडं सरपंच. ज्यानं आयुष्यभर सीमारेषेविरुद्ध लिहिलं त्यानं घरात सीमारेषा आखली! आण्णाप्पा म्हणाला, "सायेब, चूल कुठल्या राज्यात?" मी त्याच्याशी बोलणं सोडून दिलं.

यशोदेनं मात्र वेगळंच चालवलं. त्याच्या बुडाखालचं पोतं तिच्याकडं टाकायची, तिच्या खालचं जुनेर त्याच्याकडं. रोज अदलाबदल. म्हणायची, वासाला वास लागू दे. आणि ताटल्या जाळीला लावून, अलीकडं पलीकडं. पहिल्यांदा सरपंच पाठ करून बसायचा. मग पाठ करून खायला लागला. मग एक दिवस तोंड करून. पण जाळी बाजूला केली, की पुन्हा पाय धाडकन!

अशात टाके काढायचा दिवस आला. यशोदा म्हणाली, "दोघांनाबी न्यायचं, एकाच बुट्टीत." मी म्हटलं, मारून टाकेल तो तिला. "न्हाय मारत. दोघांनाबी भ्या वाटू द्या, मग बघा."

तर आम्ही एस.टी.त. मांडीवर बुट्टी, वर फडकं, टाक्यांवर यशोदेचा हात. बस हलली, खिडक्या थडथड थडथड, पुढं कोंबड्यांची पाटी, मागं कुणाचं तरी पोर भोकाड पसरलेलं. कंडक्टर आला. "एन्री इदु?" म्हणत त्यानं फडकं उचललं, आणि ससे बघून, "टिकीट तगोळ्री!" सशांना तिकीट! मी त्याला नियम विचारला. मराठीत विचारला. तो कन्नडमधनं चढला, मी मराठीतनं चढलो, सगळी बस माना वळवून बघायला लागली, मी म्हटलं, दाखव कायदा, दाखव!... आणि यशोदेनं माझ्या दंडाला हात लावला.

"अवो, भांडू नका. आत बघा."

बघितलं. बुट्टीच्या कोपऱ्यात सरपंच, कान पाठीला चिकटलेले, थरथर थरथर कापतोय. सगळी सरपंची उतरलेली! आणि त्याचं डोकं ठकीच्या हनुवटीखाली खुपसलेलं. आणि ठकी, पोटावर टाके असलेली ती ठकी, त्याचं कपाळ चाटतेय. संथ. एकसारखं.

मी तिकिटाचे पैसे देऊन टाकले. कन्नडमधनं "तगोळ्री", घ्या, म्हणून दिले. कुणाला सांगू नका.

डॉक्टरांनी टाके काढले, म्हणाले, उत्तम. मग सरपंचाला मानेला धरून उचलला, उलटा केला, बघितला. आणि सहज म्हणाले, "हा पण हाय काय? मग पैला ह्यालाच का आणला नाही हो? नराचं लई सोपं असतंय. पोट फाडायचं कामच नाही. बारकं काम. पिल्लं तर बंद झाली असती की."

मी उसळलो! "मग तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

"तुमी मादी घेऊन आला. मी म्हटलं, तुमचं घरात ठरलं असंल." आणि मग, अगदी साधेपणानं, "तुमी एवढं सगळं विचारलं. हे विचारलं नाही."

सुई उकळली का, हे मी विचारलं होतं हो!

परतीच्या बसमध्ये यशोदा खिडकीशी. बुट्टीत दोघं एकमेकांवर मान टाकून झोपलेली. बाहेर बघतच ती म्हणाली, "शिबिरातली डॉक्टरीणबाई बी असंच म्हणालती मला. भूल देताना. गड्याचं सोपं असतंय, बाई, मालकांना का न्हाय आणलं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आल्यात की. पुढं बसल्यात. बातमी लिवत्यात."

हा तो वेगळा विषय.

तुम्हाला सांगतो, आता घरात सगळं ठीक आहे. जाळी परत कपाटाला लावलीय. ठकीच्या पोटावर केस आलेत. दुपारी दोघं उंबऱ्यावर बसतात, सरपंच तिचे कान चाटतो. डॉक्टरांनी सांगितलंय, यालाही घेऊन या, नाहीतर तिला छळेल. मी म्हटलं, बघू. यशोदा म्हणाली, "बघू काय?" मी म्हटलं, दिवाळी झाली की. दिवाळी होऊन गेली. परवा तिनं पुन्हा काढलं, आणि हेच नव्हे, ते शिबिराचंही काढलं. आवाज चढवून नाही, भाकरी थापता थापता. "सरपंचाचं जाऊ द्या. माझंच का केलं, येवढं सांगा."

आता एवढे अधिकारी मी कोपऱ्यात गाठले. एकालाही "चौकशी चालू आहे" म्हणून सुटू दिलं नाही. आणि त्या दिवशी मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, बघतो, आठवतो जरा.

आठवायचं काय त्यात? बातमी माझीच होती. पहिल्या पानावर आली होती. चिकोडीकडच्या एका शाळेचं पटांगण, पाहुण्यांची भाषणं, कुटुंबनियोजनाचं शिबिर यशस्वी. मी पुढच्या रांगेत होतो, मागं सतरंजीवर बायका ओळीनं पडलेल्या. एवढंच एक बातमीत आलं नाही, की शाळेच्या डाव्या अंगाला पुरुषांसाठी वेगळा तंबू मारलेला होता. नवा, पांढरा. आत खाट, खाटेवर चादर, डॉक्टर हात धुऊन बसलेला.

तो तंबू दिवसभर रिकामा होता.