दोघं म्हणजे गट

पाद्रीसाहेब, तुम्ही मला जेवू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? ताटात चिकन आहे, बटाट्याचं सॅलड आहे, आणि तुम्ही येऊन म्हणता, "हर्शेल, उभा राहा, ते विम्याचं सांग, म्हणजे बाकीचे दुकानदार शहाणे होतील." म्हणजे मी वेड्यासारखा वागलो हे आधीच ठरलंय. वागलो. नाही कुठं म्हणतो... पण चर्चच्या तळघरात, अख्ख्या गावासमोर, भर बाजारात पँट घसरल्यासारखं वाटतंय मला. बरं, सांगतो. मध्ये कुणी बोलू नका.

माझं दुकान तुम्हाला माहीत आहे, गवत कापायची यंत्रं आणि करवती दुरुस्त करतो. मला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मिळाला, वय झालं म्हणून, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझ्या बायकोचं, मॅव्हिसचं, वय अजून तेवढं नाही. तिचा विमा होता शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीचा. ती नोकरी मीच सोडायला लावली. का? तर काउंटरवर कुणी नाही, फोन वाजतोय, लोक ओरडतायत... मी म्हटलं, घरी ये, म्हणजे दुकानात ये. तेव्हा तिचा खुबा दुखत होताच, डॉक्टर म्हणाले होते, बदलावा लागेल.

आता नोकरी सुटली की एकट्या माणसाचा विमा घ्यायला दोन महिने दार उघडं असतं. मग बंद, ते थेट हिवाळ्यापर्यंत. मॅव्हिस म्हणत होती, "हर्शेल, मी माझा एकटीचा घेऊन टाकते." मी काय म्हटलं? "एकटीचा कशाला? आपण दुकानाचा घेऊ. छोट्या गटाचा. तू आणि मी. दोघं म्हणजे गट, नाही का?"

हे माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. माझ्या डोक्यातून इतकं काही येत नाही. हे आलं तिच्या भावाकडून, डेल्बर्टकडून. नदीपलीकडे त्याचं गांडुळं आणि गळ विकायचं दुकान होतं, तेव्हा चालू होतं. पुलावर माझी गाडी थांबवून म्हणाला, "दाजी, एवढं काय त्यात? मी आणि बायको, झाला गट. वर्षानुवर्षं चालवतोय." मी विश्वास ठेवला. गांडुळं विकणाऱ्यावर. दोन महिने मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत फिरलो, दोघं म्हणजे गट... आणि ते दार बंद झालं.

मग आम्ही दोघं गेलो ट्रीनाकडे, ती विम्याची मुलगी, बँकेशेजारी बसते. मी खुर्चीत बसलो, पाय पसरले, म्हटलं, "गटाचा विमा दे. वर्षात कधीही मिळतो, मला माहीत आहे." ट्रीना म्हणाली, "बरोबर, मिळतो. माणसं किती?"

"दोन."

ती मॅव्हिसकडे वळली. "काकू, तुम्ही दुकानात काय करता?"

मॅव्हिस सांगायला लागली. फोन, सुटे भाग मागवणं, पट्टे बदलणं, चिडलेल्या गिऱ्हाइकांना कॉफी देणं, हर्शेलनं चिडवलेल्या गिऱ्हाइकांना दोनदा देणं, कर भरणं, झाडणं... संपेचना. मी ऐकत बसलो. एवढं सगळं माझ्या दुकानात होतं, मला काय माहीत?

"आणि पगार?" ट्रीनानं विचारलं.

मॅव्हिसनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

ट्रीना म्हणाली, "असू द्या काकू, पगार असता तरी उपयोग नव्हता. आपल्या राज्यात मालकाच्या बायकोला मालकातच धरतात, कामगारात नाही. गटाला निदान एक खरा कामगार लागतो. नदीपलीकडे दुसरं राज्य, तिथला नियम वेगळा आहे, तिथं चालतं."

नदी. तुम्ही सांगा, पुलावरून जायला किती वेळ लागतो? सिगारेट संपत नाही. तिकडं माझी बायको माणूस, इकडं नाही.

मॅव्हिस शांतपणे म्हणाली, "आणि मी याची बायको नसले तर?"

ट्रीना चाचरली. "म्हणजे... घटस्फोट झाला तर? मग तुम्हाला कामगारात धरता येईल."

"पगार देऊन?"

"हो, पगार तर द्यावाच लागेल."

"म्हणजे नवरा जाईल, पगार येईल आणि खुबाही होईल," मॅव्हिस म्हणाली. विनोदानं म्हणाली असेल असं मला वाटलं, पण ती हसत नव्हती. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत मला मोजायला कुणीतरी पहिल्यांदाच बसलं, हर्शेल. आणि आकडा शून्य आला."

बाहेर आलो तर तिला गाडीत चढता येईना. मी उचलून बसवलं. तिनं माझा खांदा धरला नाही, दाराची कडी धरली. रस्ताभर मी एकदाही दोघं म्हणजे गट म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात तिची माफी मागितली, गिऱ्हाइकांसमोर. ती म्हणाली, "परत म्हण, करवत चालू होती." परत म्हटलं. त्या दिवसापासून तिला पगार सुरू झाला, तो नियमात बसो नाहीतर न बसो.

पण कामगार आणायचा कुठून? तोही नावापुरता चालत नाही, खरं काम लागतं, आणि त्यानं विम्यातही यायला पाहिजे. गावातली पोरं सगळी गोदामात लागलेली. एक माणूस तेवढा रिकामा होता. गांडुळांचं दुकान नुकतंच बुडालेलं, त्यामुळे विमाही गेलेला... हसा, हसा. माझी बायको मोजली जावी म्हणून मला तिचा भाऊ कामाला ठेवावा लागला. गटाचा विमा मिळाला, खुबा बदलून झाला, मॅव्हिस चालतेय, काठीपण नको म्हणते, देवाची कृपा. पण तो रोज सकाळी पूल ओलांडून येतो, उलट्या बाजूनं पट्टे बसवतो, आणि म्हणतो, "दाजी, माझं बरोबरच होतं. तुम्ही राहता चुकीच्या काठावर."

मॅव्हिसची माफी मी मागितली, ट्रीनाचीही मागितली, आता तुमच्यासमोरही मान खाली घालून उभा आहे. माझी माफी मात्र एकानं मागायची राहिलीय. तो बघा, तिकडं कॉफीच्या किटलीमागे लपलाय, आणि त्याला हाकलावं तर गट मोडतो. डेल्बर्ट क्राउच.