सालूवन्संची बत्तीस वर्षांची भाकर

बसा मंडळी, बसा. मागच्या बायांनो, पुढं सरका — जागा आहे, मन करा! माझा घसा बसलाय, गुडघे बोंबलतात, तेव्हा फार फिरवत नाही. एकच विचारते. एखाद्याचा अपमान केला भर देवळात, आणि माफी मागायची घरात, दार लोटून — चालतं का? माना हलवू नका! आधी ऐका.

चारचौघांत जे तोडिले, कोपऱ्यात का ते सांधे?
कबुलीवाचून, येशुराया, मन कसे हे नांदे?

हां, फिलीपा, पेटी थांबव आता.

आमचे यजमान, पाळक यशया नन्नवरे. छत्तीस वर्षं या ल्युथरन मंडळीचे पाळक, आता निवृत्त. तेव्हा पांढरा झगा, आता बंडी आणि खोकला! मी चौथी नापास. पण त्यांचं प्रत्येक प्रवचन आधी माझ्या चुलीपुढं झालं, मग देवळात!

त्यांची धाकटी बहीण सालोमी — आमची सालूवन्सं. बत्तीस वर्षांमागं वन्संनी लेकीच्या लग्नात हळद लावली. आईची गाणी म्हटली. झालं! त्या काळी आपल्यात हळद म्हणजे पाप. रविवारी हे वेदीपाशी गरजले — "सालोमी उजगरे! पश्चात्ताप करीपर्यंत प्रभुभोजनाला येऊ नये!" सख्खी बहीण हो! वन्सं म्हणाल्या, "हळदीचा कसला पश्चात्ताप? रोज कालवणात घालते ती!"

तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला निघाला, की वन्सं शेवटच्या बाकावरून उठायच्या. चपला घालायच्या. जायच्या. बत्तीस वर्षं!

यंदा आमच्या नातीचं लग्न — पुण्यात, हॉलवर. आणि तिथं हळद! पिवळ्या माळा, पिवळ्या उशा, पिवळा नवरदेव! नात म्हणाली, "आजोबा, पहिली तुम्ही लावा ना!" यांनी लावली! वर फोटोवाला म्हणतो, "आजोबा, परत एकदा, नीट आला नाही." परत लावली!

घरी आल्यावर हे हात धूत बसले. साबण झाला, राख झाली. म्हटलं, "कातडं काढता का आता?"

तर म्हणाले, "मार्था, सालूला मी कशापायी उठवलं गं? मला वाटायचं, देवाचा नियम राखतोय. राखली गोऱ्या मिशनरी साहेबलोकांची रीत. आता ती रीतही गेली. बहीण तेवढी बाहेर राहिली."

जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वन्संकडं गेलो. वन्सं खाटेवर, डॉक्टरनं हात टेकलेले. यांनी हात जोडले. "सालू, चुकलो. नव्या पाळकांना आणतो, इथंच भाकर घे."

"दादा, माझं नाव कुठं घेतलंस?"

"देवळात."

"मग देवळात बोल. घरातनं मला कुणी उठवलं नव्हतं."

"या वयात? लोक काय म्हणतील गं?"

"मला म्हणाले तेच!"

मी मधे पडले. "वन्सं, अहो, शेवटाला कसला हट्ट?"

"वहिनी, हट्ट तुमच्याच घरचा. माहेरचा आहे माझ्या!"

 

मागल्या महिन्याचा पहिला रविवार. वन्संना खुर्चीसकट उचलून आणलं. हे वेदीखाली उभे राहिले — झगा नाही, काही नाही. म्हणाले, "मी इथून माझ्या बहिणीला उठवलं. पाप तिचं नव्हतं. ताठा माझा होता. सालू, माफ कर."



वन्सं म्हणाल्या, "बरं. खाली बस आता, दादा. पाय कापतायत तुझे."

नव्या पाळकांनी भाकर दिली. दात नव्हते; वन्सं किती वेळ चघळत बसल्या! आणि हे म्हातारं माणूस पोरासारखं रडलं.

संपली गोष्ट? नाही मंडळी! बत्तीस वर्षांमागच्या त्या रविवारी पहिल्या बाकावर मी होते. तुम्ही म्हातारेकोतारेही होतात. कोण उठलं वन्संबरोबर? एक तरी? आणि हळद कुणी लावली नव्हती घरात — दारं लावून?

यांनी माफी मागितली. मी म्हटलं, मी मागेन सावकाश. वन्सं बुधवारी गेल्या.

माझी राहिली. तुम्ही दुखावलेली माणसं अजून आहेत. आज घरी जाताना त्यांच्या दारात थांबा — आणि आत जाऊ नका! रस्त्यातच उभं राहून बोला. गल्लीला ऐकू जाऊ दे.