दत्ताची मेणबत्ती

केक बघितला की मला आमचा दत्ता आठवतो बघा. त्याची आई दिवाळीआधी गेली. पौषात त्याचा वाढदिवस आला, तेव्हा त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी आणि बाळूनं त्याला कुंडलहून एसटीत घालून सांगलीला नेलं. तेव्हा गावात कुठला आलाय केक! सांगलीत केक घेतला आणि कृष्णेच्या घाटावर बसलो. मेणबत्ती पेटवली, तर दत्ता फुंकेचना.

"दिवा फुंकून इझवायचा न्हाई. आईनं सांगितलंय."

"आरं गड्या, मेणबत्ती हाय ती!" बाळू कावला.

"जाळ त्योच की. आन वाऱ्यानं बी इझू द्यायची न्हाई."

झालं! गार वारं सुटलेलं, आणि आम्ही दोघं ज्योतीभोवती हात धरून बसलेलो.

शेजारी धुणं पिळणारी एक म्हातारी हसत उठली. तिनं हात पदराला पुसले, केकातली मेणबत्ती काढली आणि दत्ताला चक्क ओवाळलं. मग ती पायरीच्या आडोशाला लावून म्हणाली, "जळू दे तिला. काप आता. आन घरी गेल्यावर आईला सांग, सांगलीच्या मावशीनं ओवाळलं म्हणून."

बाळूनं मान खाली घातली.

दत्ता तिच्या पाया पडला. "सांगतो की, मावशी. मेणबत्ती फुंकली न्हाई, ते बी सांगतो."