बोटभर पिल्लं

फाटकाची कडी लावून घ्या ताई — उघडी राहिली की कुणीही आत शिरतं. आणि कुंडी तिरकी करू नका, सांडेल. हे झाड पितं ते पानांमधल्या वाटीतून. बुडाशी काय बघताय — पिल्लं, नवे फुटवे? तेच म्हटलं. तुरा सोडून बुडखा बघणारं गिऱ्हाईक मी लांबूनच ओळखते. लाल तुऱ्याची ही गुझमानिया न्या, जंगलातली मूळ जात, कुणाकडेही जगते. ती कोपऱ्यातली? ती विकायची नाही. आणि पिशवी खाली ठेवा बरं — तिकडे नाही, मला दिसेल अशी.

तो आमचा संकर. माझा आणि धाकट्या बहिणीचा. ब्रशने पराग ती लावायची, हात हलका होता तिचा — आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. एवढ्या रोपांत एकच तसं निघालं, केशरी तुरा, टोकं जांभळी. बी पेरून तसं पुन्हा येत नाही, पिल्लानंच येतं. आई एकदाच फुलते, मग वाळते. म्हणजे ज्याच्या हाती पिल्लू त्याच्या हाती सगळं, कळलं? बहीण लग्न करून गेली आणि त्याच आठवड्यात एक पिल्लू गायब. मांजरानं नेलं असेल? मी तिचं तोंड पाहिलं नाही त्यानंतर. तेव्हापासून पिल्लू दिसलं की कापते, चोराच्या नजरेला पडायच्या आत, बोटभर असतानाच. आत माझ्या खिडकीत लावते. जगतात की — नाही जगत, एखादंच कसंबसं तगतं. आईच्या निम्म्याएवढं झाल्याशिवाय मूळ धरत नाही ते, हे मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. यंदाचं शेवटचंही सडलं. कोपऱ्यातली ती एकच उरलीय, फुलून गेलेली, आता बुडाशी काही नाही तिच्या.

हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? तुमची नजर तर त्या पिशवीवरून हलत नाही. कुणी पाठवलंय तुम्हाला? पलीकडच्या नर्सरीवाल्यानं? त्या पिशवीत काय आहे — कात्री? उघडा. उघडा म्हणते ना.

हे — हे कुठून आणलंत? केशरी. टोकं जांभळी. आणि बुडाशी ही पिल्लं — बाई गं, केवढी होऊ दिलीत. एकालाही कात्री लावलेली नाही. चोरलं म्हणून वाचलं म्हणायचं. वर बघ जरा. अशी नाही, उजेडात ये. हनुवटी तीच की गं.

आई कुठाय तुझी? फाटकाबाहेर? मघापासून उन्हात उभी आहे? आत यायला काय झालं तिला — मी खाते की काय?

दे इकडे ती कुंडी. वाटी कोरडी पडलीय, पाणी घालते. नाही, कापत नाही, राहू देत आईजवळ. तू जा आता. काही सांगू नकोस तिला, काही म्हणजे काही नको. जा. आणि जाताना ती कडी लावू नकोस.