रूपाच्या कातडीखालच्या तीन नळ्या

सन्माननीय अध्यक्ष विश्वजीतराव, व्यासपीठावरचे विश्वस्त, डॉक्टरसाहेब, पिंजऱ्यांवर राबणारे माझे सोबती आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या आशाबाई, सगळ्यांना या कडुबाचा नमस्कार.

एकतीस वर्षं मी आपल्या उद्यानात वाघ सांभाळले. आज निवृत्तीला तुम्ही शाल दिली, नारळ दिला आणि रूपा वाघिणीचा फोटो फ्रेम करून दिला. "आज तरी गोड बोला," असं आशाबाईंनी मुकुंदवाडीहून निघतानाच बजावलंय. पण हा फोटो हातात आल्यावर गोड कसं बोलू?

रूपा फाल्गुनात मेली. पिलं ठेवायला जागा नाही, म्हणून ती होऊच नयेत यासाठी तिच्या कातडीखाली हार्मोनची नळी ठेवायचे. दर दोन वर्षांनी जुनी काढायची, नवी घालायची, अधूनमधून गर्भाशय तपासायचं, असं ठरलेलं. डॉक्टर बदलत गेले. प्रत्येकानं तिच्या कार्डावर एकच शब्द लिहिला, 'मागीलप्रमाणे'. जुनी निघाली का, हे कुणी बघितलं?

माघात ती हौद रिकामा करायला लागली. सडाजवळ गाठ आली. मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, तर म्हणे, "मामा, ऊन लई आहे, पाणी पिणारच." माघात कसलं ऊन हो? मेल्यावर पोट फाडलं तेव्हा गर्भाशयात बादलीभर पू होता आणि कातडीखाली तीन नळ्या. तीन! बसा डॉक्टरसाहेब, चहा यायचाय अजून.

तुमचा राग येतोच, पण माझा मला जास्त येतो. भुलीच्या सुईसाठी ती जाळीशी यायची माझ्या हाकेनं. "ये गं माय, रूपाबाय," म्हटलं की अंग घासत उभी राहायची. मागची काढली का, हे मी एकदाही विचारलं नाय.

येत्या सोमवारी नळीसाठी तिच्या बहिणीचा, चंपाचा नंबर आहे. सकाळी कार्ड बघून आलो. 'मागीलप्रमाणे'! चंपासुद्धा फक्त माझ्याच हाकेला येते. मी येईन, हाक मारीन. पण आधी लिहून द्या: नवी नळी नाही, जुन्या सगळ्या बाहेर, पूर्ण तपासणी आणि पिलं नको असतील तर नराला वेगळा पिंजरा. तोवर ही शाल टेबलावरच राहू द्या.

मान दिलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. रूपाचं मात्र मी कुणालाच माफ करणार नाही, स्वतःलाही नाही.

अध्यक्षसाहेब, कागद मी लिहून आणलाय. पेन आहे का तुमच्याकडं?