नोरीनची गाडी

आर्लिस : टॉवेल सोडू नकोस म्हटलं ना. सोडलास की परत रक्त वाहायला लागेल.

व्हर्लिन : किती बोटं?

आर्लिस : दोन. मधलं आणि त्याच्या शेजारचं. हात ओढला म्हणून टोकांवर भागलं. हातमोजा अजून तिथंच आहे, चिमटलेला.

व्हर्लिन : हलतात का?

आर्लिस : सत्तरीची बाई आहे मी, व्हर्लिन. आता तुला बोटं नाचवून दाखवू? बर्फ आण. फ्रीजमध्ये वाटाण्याची पिशवी आहे, ती आण.

व्हर्लिन : घरगाडीचं दार उघडत नाही. गाडी नाकावर झुकलीय, चौकट आवळली गेलीय.

आर्लिस : मग राहू दे. बस खाली. तुझंच तोंड पांढरं पडलंय.

डेल्बर्ट : काय झालं हो? माझ्या खोलीपर्यंत आवाज आला. मला वाटलं झाड पडलं. अरे देवा. टेकवलीत की घरगाडी पिकअपच्या पाठीवर.

आर्लिस : डेल्बर्ट ना तुम्ही? काल तुम्हीच जागा दाखवलीत आम्हाला.

डेल्बर्ट : मीच. घरगाड्यांच्या या तळाचा रखवालदार म्हणा, झाडूवाला म्हणा, सगळं मीच. हात वर धरा बाई. खांद्याच्या वर. खाली सोडलात की ठणका वाढेल. काय, बोट सापडलं?

आर्लिस : दोन. वायर ताणली जात होती, ती सोडवायला मी पिकअपच्या कडेवर हात ठेवला. तेवढ्यात हा पुढे निघाला आणि वरचं सगळं खाली आलं.

डेल्बर्ट : दादा, घरगाडीचा खुंटा पिकअपच्या जबड्यात बसला होता का?

व्हर्लिन : बसल्याचा आवाज आला.

डेल्बर्ट : आवाज सगळ्यांनाच येतो. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मला हेच सांगतं, आवाज आला होता म्हणून. पिकअपच्या हौद्यात वाकून बघायचं असतं, खुंट्याभोवती जबडा मिटलाय का. मग घरगाडीचे पुढचे पाय जमिनीवर असतानाच एकदा पुढे ओढून बघायचं. सुटायची असली तर तेव्हाच सुटते आणि पायांवर उभी राहते. पाय उचलल्यावर सुटली की ही अशी. पहिलीच का?

व्हर्लिन : पहिलीच.

डेल्बर्ट : रस्त्यावर किती दिवस?

व्हर्लिन : चार. त्याआधी एप्रिलपासून अंगणात उभी होती.

डेल्बर्ट : आणि नोकरीत असताना काय करत होता?

व्हर्लिन : काउंटीचे रस्ते सपाट करायचो. ग्रेडर चालवायचो. अडतीस वर्षं.

डेल्बर्ट : मग बरोबर. मोठी यंत्रं चालवलेली माणसंच फसतात यात. नवखा घाबरून तीनदा वाकतो. तुमच्या बायकोनं वेळेवर हात ओढला, नशीब समजा.

आर्लिस : बायको नाही मी. थोरली बहीण.

डेल्बर्ट : असं होय. वहीत नाव नोरीन आहे म्हणून म्हटलं. गेल्या साली फोन आला होता त्यांचा. मला आठवतंय, झाडाची सावली कुठल्या बाजूला, नळाला दाब किती, शेजारी कुत्री असतात का, अर्धा तास विचारत होत्या. त्याच का तुम्ही, असं काल विचारणारच होतो.

व्हर्लिन : ती एप्रिलमध्ये गेली.

डेल्बर्ट : हं. बरं. चला, उठा दादा, ही उचलून घेऊ. बटण चालतंय ना? पाय खाली सोडा. सोडा, सोडा. टेकले. आता हळूहळू उचला. अजून. बघा, निघाली वर. आता पिकअप सरळ पुढे घ्या. बाई, तुम्ही लांब व्हा.

आर्लिस : तो हातमोजा...

डेल्बर्ट : मी काढतो. तुम्ही तिकडे बघू नका. हं, घ्या दादा पुढे. बास. दोन्ही कडा चेपल्यात आणि मागचं फळकं वाकलंय, पण चाकाला काही लागलेलं नाही. घर राहू दे इथंच उभं. बाईंना आधी दवाखान्यात न्या. गाव अठरा मैल. धरणाची भिंत ओलांडली की उजवीकडे.

(पिकअपमध्ये, गावाच्या वाटेवर.)

व्हर्लिन : दुखतंय?

आर्लिस : आता नाही. तीच भीती वाटतेय.

व्हर्लिन : डॉक्टर बघतील. मग तुला बसमध्ये बसवून देतो.

आर्लिस : कुठल्या बसमध्ये?

व्हर्लिन : घरी जाणाऱ्या.

आर्लिस : कोणाच्या घरी? तुझं घर तू जुलैमध्ये विकलंस. माझी खोली मी ऑगस्टमध्ये सोडली. एव्हाना तिथं दुसऱ्या बाईनं आपले पडदे लावले असतील. माझ्या दारात टोपी हातात धरून कोण आलं होतं? ‘आर्लिस, मला एकट्याला ती गाडी नेता येणार नाही.’ मी गेले होते का तुझ्या पाया पडायला?

व्हर्लिन : माझं चुकलं. विकून टाकतो ती.

आर्लिस : चार दिवसांत कंटाळलास?

व्हर्लिन : चार दिवसांत काय राहिलं व्हायचं? पहिल्या दिवशी मैल्याची टाकी बुटांवर सांडली. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपाच्या छपराला वरचा कोपरा घासला. काल गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकणारा बैठकीचा खण उघडला तो थेट झाडात. आज तुझी बोटं. उद्याची वाट बघायची का?

आर्लिस : टाकी, छप्पर, झाड, हे सगळं शिकता येतं. शाळेच्या स्वयंपाकघरात पहिल्या आठवड्यात मी दोनशे पोरांचं सूप करपवलं होतं, मला कोणी बसमध्ये नाही बसवलं. मला भीती त्याची नाही. आज गाडी जोडताना मी नोरीनच्या यादीतली सहावी ओळ वाचली, जबडा बघायची. वाचून थांबले. तू म्हणालास, ‘बघितलं, पुढची वाच.’ तू वाकलाच नव्हतास.

व्हर्लिन : नव्हतो.

आर्लिस : तुझ्या शब्दावर मी हात घातला तिथं.

व्हर्लिन : माहीत आहे मला.

आर्लिस : मग का नाही वाकलास? गुडघा दुखतो म्हणून सांगू नकोस.

व्हर्लिन : ती यादी तू तिच्यासारखी वाचतेस.

आर्लिस : तिनं लिहिलीय. जे लिहिलंय ते वाचते.

व्हर्लिन : ‘व्हर्लिन, कानांवर जाऊ नकोस, वाकून बघ.’ रोज सकाळी. तिच्या पलंगावरून उठून येतेस, तिच्या कपात कॉफी घेतेस, तिचा कागद काढतेस आणि म्हणतेस, ‘व्हर्लिन, वाकून बघ.’ मला ते ऐकवत नाही. मी म्हणतो बघितलं. म्हणजे तू पुढे जातेस. आजच नाही, चारही दिवस मी बघितलेलं नाही.

आर्लिस : चारही दिवस?

व्हर्लिन : हो.

आर्लिस : म्हणजे भर रस्त्यात सुटली असती. मागे पोरंबाळं घेऊन कोणी येत असतं.

व्हर्लिन : हो.

आर्लिस : मग मीही सांगते. त्या पलंगावर मी हौसेनं झोपत नाही. तू पायऱ्या चढून वर यायला तयार नाहीस, सोफ्यावर पडतोस, म्हणून झोपते. आणि तिचा पलंग कसला? ती एकदाही झोपलेली नाही त्यावर. त्या गाडीत तिचं पाऊल पडलेलं नाही, व्हर्लिन. तरी कपाटभर तिचे कपडे. हिवाळी कोटसुद्धा. आणि निघालोय आपण अ‍ॅरिझोनाच्या उन्हात. आणि माझी बॅग न्हाणीच्या दारात, येता-जाता ठेचकाळते मी.

व्हर्लिन : कपड्यांना हात लावायचा नाही.

आर्लिस : लावला का मी?

व्हर्लिन : गावात काय बोलतात ठाऊक आहे तुला? बायको मरत होती आणि हा गाडी आणायला गेला. मयताच्या दिवशी अंगणात ती एवढी मोठी उभी. लोकांना आपल्या गाड्या लावायला जागा नाही. पाद्रीबाबा तिला वळसा घालून आत आले. नवीकोरी, खिडक्यांवरचे कागदसुद्धा निघाले नव्हते.

आर्लिस : मी दारातच होते. बघितलं मी.

व्हर्लिन : मी आपणहून गेलो नसतो. नोरीनच म्हणाली, जा, घेऊन ये, मला ती अंगणात बघायचीय. त्यात कंपनीवाल्यांचा फोन आला, गाडी तयार आहे, गुरुवारी या. तो फोन आठवडाभर उशिरा आला असता तर मी तिच्याजवळ असतो. त्या फोनवाल्या पोरीला मी अजून मनात शिव्या देतो.

आर्लिस : तिला देऊ नकोस.

व्हर्लिन : का?

आर्लिस : तिनं आपणहून नव्हता केला. आधी मी केला होता, त्यांना. गाडी मे महिन्यात द्यायची होती. तयार होऊन उभीच होती त्यांच्याकडे. मी म्हटलं, तुम्ही त्याला फोन करा आणि गुरुवारी बोलावून घ्या, माझं नाव सांगू नका.

व्हर्लिन : तू?

आर्लिस : मी. समोर बघ, ट्रक येतोय.

व्हर्लिन : बघतोय. पुढे बोल.

आर्लिस : नोरीननं करायला लावला. आदल्या रविवारी. तू औषध आणायला गेला होतास. ती म्हणाली, ‘आर्लिस, ह्याला दोन दिवस कुठंतरी धाड. हा माझ्या उशाशी बसून माझे श्वास मोजतो. एक चुकला की माझा हात दाबतो आणि मी परत येते. ह्याच्यासमोर मला सुटता येत नाही.’ तिचेच शब्द आहेत हे. मी पदरचं काही घातलेलं नाही.

व्हर्लिन : हात दाबायचो मी.

आर्लिस : हो.

व्हर्लिन : तिला बरं वाटावं म्हणून.

आर्लिस : माहीत आहे. तिलाही माहीत होतं.

व्हर्लिन : म्हणजे मी नको होतो.

आर्लिस : त्या दिवशी नको होतास. गोड करून सांगितलं तर तुला पटणार नाही, म्हणून सांगत नाही.

व्हर्लिन : एक्केचाळीस वर्षं, आर्लिस.

आर्लिस : हो.

व्हर्लिन : शेवटी माझं नाव घेतलं तिनं?

आर्लिस : नाही. किती वाजले विचारलं. मी म्हटलं, दोन. बरं म्हणाली. पुढे दहा मिनिटं होती, पण बोलली नाही.

व्हर्लिन : आणि हे तू पाच महिने पोटात ठेवलंस.

आर्लिस : ठेवलं. मला कुठं ऊन खायचं होतं अ‍ॅरिझोनाचं? माझी खोली चांगली होती, शेजारीण चांगली होती. तू दारात आलास तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. तुला तिच्याजवळून उठवलं ते मीच. आता सांगून टाकलं. उतर म्हणालास तर दवाखान्याशी उतरते, मला माझी बॅग तेवढी आणून दे.

व्हर्लिन : हात खाली आलाय तुझा. वर धर.

आर्लिस : धरते.

व्हर्लिन : डेल्बर्टला सांगतो, जागा आठवडाभर राहू दे म्हणून. बोटांचं काय म्हणतात बघू. मग पुढचं.

आर्लिस : आणि विकायची म्हणत होतास ती?

व्हर्लिन : विकून झोपणार कुठं?

आर्लिस : तेच मघापासून सांगतेय.

व्हर्लिन : ती भिंत आली धरणाची. उजवीकडे म्हणाला ना तो?

आर्लिस : उजवीकडे.

व्हर्लिन : आर्लिस, दोन वाजता मी काय करत होतो ते तू कधी विचारलं नाहीस.

आर्लिस : विचारायचं काय? कागदांवर सह्या करत होतास. सगळ्यांना तूच सांगितलंस.

व्हर्लिन : सह्या अकरालाच झाल्या. गाडी अडकवूनसुद्धा दिली त्यांनी. सगळं करून दाखवलं. सव्वाअकराला मी मोकळा होतो.

आर्लिस : तेव्हा निघाला असतास तरी पोचला नसतास. त्यांचा कारखाना इंडियानात, ते काय जवळ आहे का?

व्हर्लिन : पोचलो नसतो. पण वाटेवर असतो.

आर्लिस : मी चार वेळा फोन केला तुला.

व्हर्लिन : फोन पिकअपमध्ये ठेवला होता मी. विसरून नाही. मुद्दाम.

आर्लिस : मग होतास कुठं?

व्हर्लिन : रस्त्यापलीकडे एक खानावळ होती. खिडकीत जागा मिळाली. तिथून गाडी दिसत होती, ऊन पडलं होतं तिच्यावर. आजारपणाचं कळल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. कोणी खोकत नव्हतं. औषधांचा वास नव्हता. उठावंसं वाटेना. बसलो तीन तास.

आर्लिस : काय जेवलास?

व्हर्लिन : तळलेली कोंबडी. घोटलेले बटाटे.

आर्लिस : चांगलं होतं?

व्हर्लिन : चांगलं होतं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.