तारवाची डावी बाजू

...नाही, दात कसा पडला ते नका विचारू, कुठला दात ते विचारा, कारण एक दात सृष्टीच्या उत्पत्तीत गेलाय आणि दुसरा जलप्रलयात, जबड्याचं तर अजून पुढंच आहे! तुम्हाला सांगतो, मी साधा सुतार. दारं करतो, खिडक्या करतो. देवानं जग सहा दिवसांत केलं की कोट्यवधी वर्षांत, मला काय करायचंय? पण सासरे पडले चर्चचे पाळक, आणि आमचा थोरला भाऊ, दादा, शाळेत विज्ञान शिकवतो. आणि मधे कोण? मी.

पहिली लढाई आमच्याच जेवणाच्या टेबलावर. दादानं वाढून घेता घेता सहज विचारलं, की सूर्य जर चौथ्या दिवशी केला तर आधीचे तीन दिवस मोजले कशावर. सहज म्हणे! सासरेबुवांनी गरम सूपसकट डावच फेकून मारला. दादानं त्यांची दाढी धरली, त्यांनी दादाचा कान, टेबल उलटं, ताटं भिंतीवर... मी आपला "अहो, एकेक दिवस म्हणजे एकेक युग धरा की, तुमचंही खरं, याचंही खरं" असं म्हणत सोडवायला गेलो. ठोसे दोन, तोंड एक. तो पहिला दात. आमची ही तशीच बापाबरोबर माहेरी निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "हे दोघं एका टेबलावर नीट जेवतील, त्या दिवशी येईन."

तीन आठवडे झाले हो! रिकामं घर खायला उठतं म्हणतात ना, ते खरं आहे. खोटं कशाला सांगू, एकदा भुशाच्या ढिगावर बसून रडलो.

मग डोकं चालवलं, तिथंच चुकलं. म्हटलं संडे स्कूलच्या पोरांसाठी नोहाचं तारू करू, जलप्रलयात त्यानं घरची माणसं आणि जनावरं वाचवली ते जहाज, पण लहानसं, पाण्यावर तरंगणारं. मापं सासऱ्यांनी सांगायची, गणित दादानं करायचं. एकत्र काम केलं की माणसं जवळ येतात. आली ना... एकमेकांच्या नरड्यापर्यंत आली.

पवित्र शास्त्रात तारू तीनशे हात लांब. आपण करायचं शंभराव्या हिश्श्यानं, म्हणजे तीन हात. पण हात कुणाचा? कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, इथवर दोघांना मान्य. पण सासरे बुटके, दादा ताडमाड! सासरे म्हणाले, विश्वासणाऱ्याचाच हात धरायचा. दादा म्हणाला, ज्याला भागाकार येतो त्याचा. वर त्यानं खिशातून एक दगड काढला, डोंगरावर सापडलेला, आत शिंपला. म्हणाला, हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, तेव्हा तिथं समुद्र होता. सासरे म्हणाले, हाच तर जलप्रलयाचा पुरावा. एकच दगड, दोघं ओढतायत, माझा पुरावा, माझा पुरावा... सासऱ्यांच्या हातात लाकडी हातोडा, दादाच्या हातात कानस. आणि मधे कोण? मी. दगड निसटला तो थेट माझ्या तोंडावर. तो दुसरा दात.

रक्त थुंकत थुंकत तोडगा काढला. कुणाचं मन दुखवायला नको म्हणून तारवाची डावी बाजू सासऱ्यांच्या हातानं मोजली, उजवी दादाच्या. हसताय काय? तीस वर्षं रंधा मारतोय, पण बायको माहेरी असताना माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं का? उजवी बाजू चांगली वीतभर लांब निघाली. तरी वाकवली, सरस लावला, शिकंजे आवळले, बसवली.

चर्चमागच्या हौदात तारू सोडलं. सरळ जाईना. गोल गोल फिरलं, कललं, आणि मातीचे हत्ती, उंट, नोहा, त्याची मुलं, सुना, सगळी तळाला. पोरांनी भोकाड पसरलं. प्रलय एकदम व्यवस्थित झाला, बुडालं तेवढं तारू.

सासरे हळूच म्हणाले, "दोन्ही बाजू एका मापाच्या नकोत?"

दादा म्हणाला, "हे तर कुठल्याच विज्ञानात बसत नाही."

"पवित्र शास्त्रातही नाही बसत."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं, आणि ते एकमत बाह्या सरसावत निघालं. समोर कोण? मी. एकानं धरलं, एकानं हाणलं. कुणी धरलं ते विचारू नका, अदलाबदल करत होते. फळी माझीच, मीच तासलेली.

मारून मारून दमले, भूक लागली, म्हणून माझ्याच घरी जाऊन एका टेबलावर जेवायला बसले. मी दवाखान्यातून जबडा तारेनं बांधून आलो, तर दारात हिच्या चपला. आत ही वाढतेय. सासरे म्हणतायत, आता पवित्र शास्त्रातला तो आभाळाला टेकवायला निघालेला बाबेलचा बुरूज करू. दादा म्हणतोय, उंची मी काढतो, बांधायला हा आहेच.

हिनं माझ्याकडे बघितलं. "कराल ना हो? तेवढेच हे दोघं एकत्र येतील. म्हणजे मीही राहीन."

तोंड तर बांधलेलं. मान आडवी हलवायला घेतली होती, देवाशप्पथ आडवीच, पण तिच्याकडे बघितलं आणि उभी हलली... काल जबड्याची तार सुटली, आणि कालच लाकूड येऊन पडलंय, ट्रकभर.